बिनमिठाचा रोडगा

अमरावतीच्या भाजीबाजारात एक माणूस कांद्यांचा वास घेऊन राहिला होता.

एकेक कांदा उचलायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे... आणि परत ठेवायचा. हर्षानं थोडा वेळ पाहिलं, मग तिला राहवेना. भातकुलीहून बापाबरोबर भाजी घेऊन येणारी पोरगी, तोंडाची मोठी फटकळ.

"काहून जी, कांदे घ्याचे आहेत का सोयरीक पाह्याले आले?"

तो दचकला, मग हसला. हसताना गालाला खळी पडली आणि झालं! भाव सांगायचा सोडून हर्षा कोथिंबिरीची जुडीच झटकत बसली.

त्याचं नाव अद्वैत. घर पुजाऱ्यांचं, आणि हा पठ्ठ्या काही वर्षं उझबेकिस्तानात, समरकंदच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तिकडं कोकरू जमिनीतल्या भट्टीत टांगतात, वरून झाकण लिंपतात आणि मंद निखाऱ्यावर निवांत भाजू देतात. ते याच्या हाताला पक्कं बसलेलं. अकोल्याचे हॉटेलवाले केशवराव ते खायला येणार होते. आवडलं तर हा त्यांच्या हॉटेलात राहणार, नाहीतर परत समरकंदला.

"सगळं जमलंय, फक्त खड्ड्याला जागा नाही," तो म्हणाला. "आमच्या अंगणात खणला तर बाबा त्यात मलाच पुरतील."

"मंग आमच्या वावरात खणा," हर्षाच्या तोंडून निघून गेलं. शेजारी वजन करणाऱ्या पुंजाजीनं, तिच्या बापानं, मान वर करून लेकीकडं नुसतं पाहिलं.

तिनं हातातलं बोर अर्धं खाल्लं आणि उरलेलं त्याच्यापुढं धरलं. "घ्या, गोड आहे."

"रागावू नका... आमच्या घरी उष्टं चालत नाही."

"मटण चालते अन् उष्टं नाही?"

"मटण रांधतो, खात नाही. चाखतही नाही. नैवेद्याआधी अन्नाला जीभ लावायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलंय. मला वासावरच कळतं."

असा माणूस हर्षानं पाहिला नव्हता. तो वावरात यायला लागला. खड्डा खणला, आतून चिकणमातीनं लिंपला. त्याचे हात मातीवरून असे फिरायचे, की बघणाऱ्यानं खुळं व्हावं. हर्षा पाणी आणून द्यायची आणि घागर रिकामी झाली तरी तिथंच उभी राहायची.

ठरल्या दिवशी सकाळीच धनगरानं कोकराचं मटण पोचतं केलं. अद्वैत तेव्हा शेजारच्या बागेतून संत्र्याच्या छाटलेल्या फांद्या आणायला गेला होता. तिकडं मटणावर वासाच्या रानझाडाच्या फांद्या टाकतात, इथं संत्रा. घरात मटण आलं की धुऊन लगेच हळद-मीठ चोळायचं, ही हर्षाच्या घरची रीत. यात हळद नसते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं नुसतं मीठ चोळलं, चांगलं सढळ हातानं, आणि पाहुण्यांची जागा सारवायला निघून गेली.

अद्वैत आला, त्यानं मीठ, जिरं, भरडलेले धने लावले, कोकरू टांगलं, खाली रसासाठी कांदे घातलेलं भांडं ठेवलं, वर फांद्या पसरल्या आणि झाकण मातीनं बंद केलं.

मग दोघं वावराच्या कडेला धुऱ्यावर बसले. कोवळं ऊन, हरभऱ्यावरून येणारा गार वारा...

"तिकडं कोणी वाट पाहून राहिलं काय?" तिनं विचारलं.

"तिकडं बर्फ आहे."

"मी माणसाचं इचारून राहिली."

तो हरभऱ्याकडं बघत म्हणाला, "तिकडं इतकं फटकळ कोणी भेटलं नाही."

दुपारी झाकण उघडलं, आणि काय सांगावं! संत्र्याचा, जिऱ्याचा, भाजल्या चरबीचा वास साऱ्या वावरात पसरला. मटण सोनेरी झालेलं, हाडापासून आपोआप सुटत होतं. हर्षाचा ऊर भरून आला. तिनं कौतुकानं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहराच उतरला.

गप्प बसावं की काय, असं क्षणभर वाटलं. पण हा माणूस तिच्या जिभेवर विसंबून उभा होता.

"खारट झालं," ती म्हणाली. "तुमच्या आधी मी मीठ चोळलं होतं... आमच्यात चोळतेत. सांगाचं राहून गेलं."

तो खड्ड्याच्या काठावर बसला. रागावेल असं तिला वाटलं. "बोटाला लागलेलं मीठ जिभेला लावलं असतं तरी कळलं असतं मला," तो हळूच म्हणाला. "चूक दोघांची आहे."

तेवढ्यात केशवरावांचा फोन. बडनेरा सोडलं होतं, आता पोचतीलच.

समरकंद. आता हा परत तिकडं जाणार! हर्षा घरात पळाली आणि गव्हाचं जाडं पीठ घेऊन आली. तेलाचं मोहन घालून मळलं, मिठाचा कणही न टाकता. त्याचे गोल रोडगे वळले आणि बाजूला निखारे ओढून त्यात भाजायला घातले.

केशवराव पंगतीला बसले. कुस्करलेला रोडगा, त्यावर कांद्याचा रस, वर मटण. पहिला घास खाऊन त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. अद्वैतच्या कपाळावर थंडीत घाम.

"मटण तिकडचं, रोडगा आपला," शेवटी ते म्हणाले. "असंच पाहिजे मले. अद्वैतराव, अकोल्याले भट्टी बांधाले घ्या."

"रोडगा माझा नाही," अद्वैत हर्षाकडं हात करून म्हणाला. "तो यांचा. यांना विचारा."

केशवराव हात धुवायला गेले. पुंजाजी तांब्या घेऊन त्यांच्या मागं. हर्षा निखाऱ्यापाशी शेवटचा रोडगा खात बसली होती. अद्वैत जवळ येऊन टेकला.

"कसा झालाय?"

"बिनमिठाचा. तुमाले देली असती चव, पण अर्धा खाल्ला मी."

त्यानं तो तिच्या हातातून घेतला. दाताच्या खुणा होत्या, बरोबर तिथंच चावला. तो घास सावकाश खाल्ला.

"तुमच्या घरी... उष्टं चालत नाही ना?"

"एकमेकांचं चालतं," तो म्हणाला, "नवरा-बायकोचं."

 हर्षानं त्याच्या हातातला उरलेला तुकडा परत घेतला आणि खाऊन टाकला.