तुटलेल्या तारांचा सूर

पियानोची तार कुठे तुटली ते पाहिलं की ती का तुटली हे कळतं, असं पियानोवाला छातीठोकपणे सांगायचा. पिनेच्या वळणाशी तुटली तर गंज, खालच्या खुंटीशी तुटली तर वय. मधोमध तार सहसा तुटत नाही.

आज तो ज्या बाईंच्या घरी दुरुस्तीला आला होता, त्यांच्या जुन्या पियानोत मात्र सगळ्यात वरच्या सुराच्या तिन्ही तारा मधोमध तुटल्या होत्या. बाकी तारा गंजून तपकिरी झालेल्या, आणि या टोकांना लख्ख चकाकी.

पियानोवर दुपारचं ऊन सांडलं होतं. त्याने सवयीने ती पट्टी दाबली. आतली हातोडी नुसत्या हवेवर आपटली, आणि सूर वाजला. बारीक, स्वच्छ, बराच वेळ रेंगाळणारा.

गेलं वर्षभर त्याला वरचे सूर ऐकूच येत नव्हते. धंदा कानांवर चालणारा, म्हणून त्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. हाताच्या अंदाजाने वेळ मारून नेत होता. घरी टीव्ही इतका मोठा लावायचा, की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरजच उरली नव्हती.

"ऐकलंत?"

"काय?" बाई म्हणाल्या. "तारच नाही तर वाजणार काय, मास्तर?"

त्याने पुन्हा पट्टी दाबली. सूर विरला आणि मागोमाग खिडकीतली चिमणी ऐकू आली. मग आतल्या नळाची टपटप. त्याचे डोळे भरून आले.

"तारा तूर्त राहू द्या," तो कसाबसा म्हणाला.

"आधीचे मास्तरही हेच म्हणाले होते. कान काय तल्लख त्यांचे! बिचाऱ्यांना आता बायकोशी खुणांनी बोलावं लागतं."

त्याचं लक्ष नव्हतं. तो चिमणी ऐकत होता.

घरी बायको पाठमोरी भाजी चिरत होती. सुरीची खटखट त्याला दारापासूनच ऐकू आली.

"अगं, ऐकलंस का?"

ती वळली नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली.

"अहो, केव्हा आलात? दुपारपासून कानात दडे बसलेत बघा."

तिच्या आवाजातला हलकासा कंप त्याला वर्षभराने ऐकू आला. किती आवडायचा तो त्याला! आणि त्याच क्षणी आधीचे मास्तर आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पियानोसमोर हजर झाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आज तारा बदलूनच टाकतो," असं त्याने बाईंना सांगितलं. त्या आत गेल्या.

त्याने तारेचं भेंडोळं सोडलं. पहिली तार पिनेत ओवली.

खिडकीत चिमणी बोलू लागली.

त्याचा हात थांबला.

शेजारच्या सुराची पट्टी त्याने हळूच दाबली. तिच्या तिन्ही तारा शाबूत होत्या. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

थोडंच तर गेलंय बायकोचं ऐकणं, त्याने मनाशी म्हटलं.

"झालं का हो, मास्तर?" आतून बाईंनी विचारलं.

"होतंय," तो म्हणाला. ओवलेली तार त्याने पुन्हा गुंडाळून ठेवली आणि पिशवीतून तार कापायची पक्कड काढली.