दुसऱ्या खेळाडूचा नंबर

वहिनीने माळा आवरायला बोलावलं होतं. दादाला जाऊन दहा महिने झाले होते. धुळीतून व्हिडिओ गेमचं खोकं निघालं, तशी ती म्हणाली, "भाऊजी, हे तुम्हीच न्या. ह्यांचा फार जीव होता त्यात."

ते मला कुणी सांगायला नको. लहानपणी सुट्टीभर दादा पहिला खेळाडू, मी दुसरा. त्याचा लाल तलवारवाला, माझा हिरवा. नियम असा की पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नाही. आणि दादा मरायचाच नाही! खड्डे, करवती, आग, सगळं हसत ओलांडायचा. घरचे कौतुकाने बघत उभे. मी मांडीवर रिमोट धरून जळत बसायचो. मनात म्हणायचो, मर ना एकदाचा. शेवटच्या किल्ल्यात माझा हिरवा कधी शिरलाच नाही. तो किल्ला मला आता एकट्याने जिंकायचा होता. खोटं कशाला बोलू, दादा आड येणार नाही याचं बरंच वाटलं.

दुपारी घरी कुणी नव्हतं. कॅसेटला फुंकर मारून बसवली. जुन्या टीव्हीला तापलेल्या धुळीचा वास सुटला. सवयीने माझ्याकडून दोघांचा खेळ निवडला गेला. म्हटलं असू दे, आधी लालला खड्ड्यात घालू, मग आहेच आपला हिरवा.

मी बटणाला बोट लावायच्या आत लाल पळत सुटला.

पहिल्या खेळाडूच्या रिमोटची वायर उपटली. तरी तो पळतच होता. खटखट बटणं वाजत होती... आणि तो रिमोट तर माझ्याच हातात होता. करवतीपुढे क्षणभर थबकून उडी घ्यायची ढबही दादाचीच. तासाभरात तो किल्ल्याच्या दाराशी पोचला.

घाबरायचं सोडून माझ्या पोटात जुनीच आग पेटली. मेल्यावरही हाच पुढे?

"दादा..." मी पुटपुटलो. "आता तरी मला..."

लाल थांबला. माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि शेजारच्या खड्ड्यात स्वतःहून उतरला. दाराशी माझा हिरवा आला. लाइफ एकच.

हात शिवशिवले. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आता मी मेल्याशिवाय दादाचा नंबर लागणार नाही.

मी दुसऱ्या रिमोटवरचं पॉज दाबलं.

आज तिसरा दिवस. टीव्हीला मी कुणाला हात लावू देत नाही. बायको वैतागलीये. पडद्यावर पॉजची पाटी तशीच आहे. हिरव्यापासून खड्डा चार पावलांवर होता, मी नीट मोजलं होतं.

सकाळी पुन्हा मोजली. तीनच भरली.