चौथी ओळ

सेनोबिया कोल्के सकाळी साडेआठला रेडिओवर आली तेव्हा तिचा राग पाच दिवसांचा झाला होता आणि शिळा मात्र अजिबात झाला नव्हता.

कोल्यामार्का गावचा खाणकामगारांचा रेडिओ म्हणजे युनियनच्या इमारतीतल्या, माडीवरच्या दोन खोल्या. एकीत दोन मायक्रोफोन आणि भिंतींना ठोकलेली जुनी घोंगडी. मधे काच, आणि दुसरीत सेनोबियाचं टेबल, टेलिफोन आणि एक म्हातारा संगणक. त्याच्या पडद्यावर चित्रं-बित्रं काही नसत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्या यंत्राच्या पोटात आवाजांचा एक सर्व्हर होता. कोणता आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे सोडायचा, ते बघणारा कारभारी म्हणा ना. त्याला सगळं लिहून सांगावं लागे. यादी दाखव. एक नंबर सत्तरवर आण. दोन नंबर मुका कर. चौदा वर्षं ती हेच लिहीत आली होती. अख्ख्या गावाचा घसा तिच्या दहा बोटांत आहे, असं लोक थट्टेनं म्हणायचे.

पाच दिवसांपूर्वी ती थट्टा संपली.

सान क्रिस्पीन खाणीचा बोगदा कोसळला तेव्हा आत पाच माणसं होती. त्यांतला एक सेनोबियाचा धाकटा भाऊ, एवारिस्तो. चौथ्या दिवशी खाणीच्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष कासियानो वेलार्दे याने शोध थांबवला. छत कच्चं आहे, आणखी माणसं गमवायची नाहीत, असं म्हणाला. त्याच दुपारी आत अडकलेल्यांच्या बायका रेडिओवर आल्या. एवारिस्तोची बायको इलारिया मायक्रोफोनसमोर बसली आणि म्हणाली, "ते जिवंत आहेत. आम्ही रुळाला कान लावलाय. ठोके ऐकू येतायत." एवढ्यात रेडिओचे व्यवस्थापक डॉन रुफिनो सेनोबियाच्या कानाशी वाकून म्हणाले, "बंद कर. कासियानोचा फोन आलाय."

आणि तिने ते लिहिलं. दोन नंबर मुका कर. इलारिया काचेपलीकडे आणखी मिनिटभर बोलत राहिली. आपले शब्द घोंगड्यांच्या बाहेर जात नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा ती उठली, नणंदेकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. सेनोबियाला कासियानोचा राग होता, रुफिनोचा होता, पण रात्रंदिवस जो पोखरत होता तो स्वतःच्या बोटांचा.

आज अकराला कासियानो येणार होता. बोगद्याचं तोंड सिमेंटनं बुजवणार असल्याचं निवेदन तो स्वतः वाचणार होता.

तिने शेगडीवर आपी, जांभळ्या मक्याची पेज, गरम करायला ठेवली आणि सवयीनं यादी मागवली. एक, पहिला मायक्रोफोन. दोन, दुसरा. तीन, टेलिफोन.

खाली चौथी ओळ होती.

तिला नाव नव्हतं. नुसता आकडा आणि पुढे एकच शब्द: चालू.

सेनोबियानं कपाळाला आठी घातली. कुणीतरी काहीतरी जोडून ठेवलंय. रुफिनोनं, दुसरं कोण? आपल्यावर कान ठेवायला! ती टेबलाखाली शिरली. प्रत्येक वायर हातात धरून टोकापर्यंत गेली. तीनच वायरी होत्या. बाहेर येऊन तिने लिहिलं, चार नंबर मुका कर. यादी म्हणाली, मुका: हो. तिने कपात आपी ओतून घेतली, पुन्हा बघितलं.

मुका: नाही.

"मस्करी करता काय रे!" ती रिकाम्या खोलीवर ओरडली.

तिने पुन्हा मुका केला. पुन्हा तेच. मग रागानं, सगळ्या वायरी ज्या डबीत जातात ती डबीच उपटून काढली. यादीतून पहिल्या तीन ओळी गेल्या. चौथी जिथल्या तिथे.

आता तिच्या मानेवर काटा आला. एखादा मायक्रोफोन 'चालू' दिसतो तो कुणीतरी त्याचा आवाज घेत असलं तरच. नाहीतर यंत्र त्याला झोपवून ठेवतं. कोण ऐकतंय, याची वेगळी यादी असते. तिने ती मागवली.

कोरी.

डबी जोडून तिने हेडफोन कानाला लावले आणि चार नंबर त्यांत सोडला.

आधी नुसती पोकळी. मोठ्या, बंद जागेची असते तशी. मग पाण्याचा थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा. त्यांच्यामध्ये काहीतरी सावकाश, ओलसर चघळल्याचा आवाज, खाणीत बसलेली माणसं कोकाची पानं चघळतात तसा. एकाचा नव्हे. दोघांचा, तिघांचा. कुणी बोलत नव्हतं. वाट बघणारी माणसं बसावीत तशी ती बसली होती.

मग कुणीतरी खोकलं.

दोन आखूड, एक लांब. लहानपणी एका पांघरुणात झोपताना सेनोबियाला त्या खोकल्यानं किती वेळा जाग आली होती!

हेडफोन काढावेत हे तिला सुचलंच नाही. समोर आपीवर साय धरली. केव्हातरी दार उघडलं आणि डॉन रुफिनो कासियानोला घेऊन आत आले. कासियानोनं काळा कोट घातला होता. अकरा वर्षांपूर्वी तोही सान क्रिस्पीनच्याच तुकडीत घण मारायचा. पुढे अध्यक्ष झाला, आणि खाणीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"सेनोबिया," तो म्हणाला, "तुझ्या दुःखात मी..."

"माझं दुःख माझ्यापाशी राहू दे. हे ऐका." तिने हेडफोन पुढे केले. "एवारिस्तो खोकतोय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"झोपली नाहीस ना तू?" रुफिनो मऊपणानं म्हणाले. "हे निवेदन झालं की घरी जा. मी बघतो इथलं."

"ऐका म्हणते ना! कान झिजणार आहेत का तुमचे?"

"अकरा वाजले," कासियानो म्हणाला आणि काचेपलीकडे जाऊन बसला.

लाल दिवा लागला. सेनोबियाच्या एका कानात कासियानो होता, दुसऱ्या कानात ते.

"बंधूंनो," कासियानो वाचू लागला, "जड अंतःकरणानं सांगावं लागतं, की आपले पाच साथी पहिल्याच दिवशी, काही त्रास न होता, देवाच्या..."

दुसऱ्या कानात भाऊ खोकला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या खेपेला बोटं मात्र थंड होती. तिने लिहिलं: एक नंबर मुका कर. मग: चार नंबर गावाला सोड.

काचेपलीकडे कासियानोचे ओठ हलत राहिले. भिंतीवरच्या कर्ण्यातून पाण्याचा थेंब पडला.

"काय केलंस?" रुफिनो उठले. "काय लावलंस हे? बंद कर!"

"घ्या." तिने कळफलक त्यांच्याकडे ढकलला. "चौदा वर्षं मला करायला लावता. आज तुम्ही करा."

रुफिनोंनी लिहिलं. मुका: हो. थेंब पडतच राहिले. त्यांनी पातळी शून्यावर आणली. यादी म्हणाली, शून्य.

कर्ण्यात कुणीतरी घसा साफ केला.

"सिप्रियानो." म्हाताऱ्या मुकादमाचा, तेओदोरोचा आवाज. पाळी सुरू व्हायच्या आधी तो हजेरी घ्यायचा तसाच, कंटाळलेला.

"हजर."

"देल्फिन."

"हजर."

खाली रस्त्यावर कुणीतरी किंचाळलं. मग धावण्याचे आवाज.

"माक्सिमो."

"हजर."

"एवारिस्तो."

"हजर," तिचा भाऊ म्हणाला.

"आणि मी, तेओदोरो. हजर."

रुफिनोंनी संगणकाची वायर भिंतीतून ओढून काढली. पडदा मेला. लाल दिवा विझला.

कर्ण्यातले थेंब थांबले.

"कासियानो," मुकादम म्हणाला.

तो आवाज कर्ण्यातून आला की कुठून, हे सेनोबियाला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"कासियानो वेलार्दे."

काचेपलीकडे कासियानोच्या हातातला कागद गळून पडला. मान खाली, नजर टेबलावर. शाळेतल्या पोरानं म्हणावं तसं, हळू, तो म्हणाला:

"हजर."

*

त्या दिवशी सिमेंट पडलं नाही. अर्ध्या तासात सगळं गाव फावडी घेऊन सान क्रिस्पीनच्या तोंडाशी उभं होतं, आणि छत कच्चं आहे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बायकांनी आपल्या घरच्या रेडिओवर सहा नावं ऐकली होती. सहाव्याचं उत्तरही ऐकलं होतं. तेव्हा रेडिओ बंद पडला होता, हे सेनोबियानं कुणाला सांगितलं नाही.

तीन दिवस खणलं. ती मायक्रोफोन घेऊन खाणीच्या तोंडाशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी इलारिया येऊन शेजारी बसली, तिच्या हातावर गरम बटाटा ठेवला.

"मला माफ..." सेनोबियानं सुरुवात केली.

"खा आधी," इलारिया म्हणाली. "माफीचं नंतर बघू. मला अजून राग आहे."

"मलाही."

"मग झालं तर."

बाराव्या दिवशी दुपारी खणणाऱ्यांचा पुढारी फॉर्तुनातो बाहेर आला आणि हेल्मेट काढून उभा राहिला. इलारियानं आपलं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून शालीचं टोक तोंडात कोंबलं. डॉक्टर आत जाऊन आले. पाचही जण आठव्या दिवसापर्यंत जगले असावेत, म्हणाले. छत त्यांच्या अंगावर पडलंच नव्हतं. हवा संपली.

आठवा दिवस. शोध थांबवल्यानंतर चार दिवस. ती हजेरी नवव्या दिवसाची. सेनोबियानं बोटांवर मोजलं, आणि त्या बोटांकडे तिला बघवेना.

"कसे होते?" तिने विचारलं.

"भिंतीला टेकून, ओळीनं," फॉर्तुनातो म्हणाला. "खांद्याला खांदा लावून. ऊब राहावी म्हणून असेल." तो घुटमळला. "फक्त मधे एक जागा सोडलेली. एका माणसाची. सगळीकडे बोटभर धूळ आहे, ताई. माणसांवरसुद्धा. त्या जागेवर नाही. तिथे फडकं अंथरलंय आणि मूठभर पानं ठेवलीत. कोरी. न चघळलेली."

सेनोबिया वळली. कासियानो मागेच उभा होता. केव्हा आला, कुणी पाहिलं नव्हतं. आज त्याच्या अंगात काळा कोट नव्हता. कुणाचं तरी जुनं हेल्मेट त्यानं डोक्यावर चढवलं होतं. त्याला सुनावायला ती आठ दिवस शिव्या गोळा करत होती. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता.

"जागेच्या उजव्या हाताला कोण होतं?" त्याने फॉर्तुनातोला विचारलं.

"एवारिस्तो."

कासियानोनं मान हलवली. मग तिथेच, मोकळ्या उन्हात, आजूबाजूला हातभर अंतरावर कुणी नसताना, त्यानं आपला उजवा खांदा जरा आवरून घेतला. बाकावर शेजारच्याला अडचण होऊ नये म्हणून आपण घेतो तसा.