चावी काढल्यावर

मी जळकोटला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विजेच्या बाबतीत आपल्याला कुणी बनवू शकत नाही, असा माझा पक्का समज होता.

आईचं, केवळाबाईंचं, इन्सुलिन आम्ही ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचो, कारण लोडशेडिंगपुढे फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. त्या दुष्काळात टँकरचाच नेम नव्हता, तर वाळू कशानं भिजवणार? शेवटी नांदेडहून गाडीच्या सॉकेटवर चालणारा लहानसा थंड डबा आणला. पण चावी काढली की सॉकेट बंद, की डबा गरम. आधी एकदा औषध असंच खराब निघालं आणि आईला बेशुद्ध अवस्थेत लातूरला न्यावं लागलं होतं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

स्टँडजवळ गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या गुरुपादप्पानं वायर फिरवली. "चावीचा संबंध तोडलाव, सर. डायरेक बॅटरीवर घेतलाव. आता हे कायम चालू. बंद करायला बटन न्हाई बगा."

"बंद करायचंच नाहीये," मी म्हणालो.

रोज सकाळी बॅटरी भरावी म्हणून मी गाडी फिरवून आणायचो. सगळं हिशेबात बसवलं, फक्त शेजारचा निवृत्ती विसरलो. दुपारी लाइट गेली की गाडीची बॅटरी काढून ओट्यावर आणायची आणि तिच्यावर आईचा छोटा पंखा लावायचा, हे काम उन्हाळाभर त्याचंच असे. नव्या वायरिंगचं त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

त्या दुपारी घरी आलो तर पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली माझ्या गाडीची बॅटरी.

"कधी आणलीस रे?"

"सकाळीच, सर. तुमी कॉलेजला गेले की लगेच. आज लाइट लवकर गेली."

अंगणात गाडी तापून बसली होती. दार उघडलं. डब्यावरचा हिरवा दिवा चालू होता. आतली बाटली हाताला गार लागली, बाहेरून दव साचलेलं.

बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. गुरुपादप्पाची लाल वायर सुट्या क्लिपला जोडलेली, आणि क्लिप फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेली. मल्टिमीटर लावला. क्लिपला काही नाही. सॉकेटच्या मागच्या तारांना मात्र पूर्ण बारा व्होल्ट. मी तीनदा पाहिलं. डोकं चालेना.

गुरुपादप्पाला फोन लावला.

"बॅटरी नाही, तरी सॉकेट चालू आहे."

त्यानं एवढंच विचारलं, "प्लग काढला का तुमी?"

"नाही अजून."

"मग नका काढू, सर," म्हणाला आणि फोन ठेवला.

असल्या गोष्टी मला मुळीच खपत नाहीत. रागच आला. ओट्यावर आई निवृत्तीला सांगत होती, "नवा जिल्हा झाला की नळाला पानी येतंय म्हनतेत. मी म्हनते, आदी..."

मी प्लग ओढला. हिरवा दिवा विझला.

"काकू?" निवृत्ती म्हणाला. "काकू, काय झालं?"

मी वळून पाहिलं. पंखा फिरत होता. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं. एक माशी तिच्या गालावरून चालत डोळ्यापर्यंत गेली.

पापणी हलली नाही.

"सर! या की लवकर!"

प्लग आत बसेना. मग बसला.

"...आदी रांजन तरी भरू दे," आई म्हणाली, आणि माशी हाकलली.

पुढच्या महिन्यात पाऊस झाला. आईचं औषध पुन्हा मडक्यात गेलं. डबा रिकामा आहे, पण प्लग मी काढलेला नाही; बॅटरी परत बसवलेली नाही, गाडी जागची हलवलेली नाही. निवृत्ती आता आमच्याकडे येत नाही. त्या दुपारचं मी आईला कधीच सांगितलं नाही.

ती मात्र रोज दिवेलागणीला अंगणात जाते, गाडीच्या काचेवरची धूळ पदरानं पुसते आणि हिरवा दिवा दिसला की मगच घरात येते.