एक ग्राफिक्स कार्ड, दोन गिऱ्हाइकं

काउंटरवर ग्राफिक्स कार्ड एकच होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात होते. एक तिचा, एक त्याचा.

"मी फोन करून ठेवलं होतं," ती म्हणाली.

"मीसुद्धा," तो म्हणाला.

दोघांनी मावशींकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या जुन्या-नव्या सुट्या भागांचं ते दुकान मावशींचं. ज्याचा ज्याचा फोन आला त्याला त्यांनी 'या' म्हटलं होतं. 'या' म्हणायला काय जातं? आता तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगून त्या पुन्हा वायरी गुंडाळायला लागल्या.

आधी चालवून तरी बघू, असं त्याने सुचवलं. मावशींनी कार्ड एका मशीनला लावलं. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग पडद्यावर गोवर निघाल्यासारखे रंगीत ठिपके उठायला लागले...

"घ्या तुम्ही," तो नम्रपणे म्हणाला.

"छे, तुमचा फोन आधी आला असेल," ती म्हणाली.

आणि दोघांना एकदमच हसू फुटलं.

समोरच्या टपरीवर चहा घेताना कळलं की दोघंही सारखेच नवखे आहेत. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. दोघांनाही आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडायचा होता, आणि दोघांचाही खिसा बेताचाच. तिने सगळ्यात आधी कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग आत बसवायचा खोका, घेऊन ठेवलं होतं, कारण ते छान दिसत होतं. त्याने आधी पॉवर सप्लाय घेतला होता, कारण त्यात काटकसर करू नका असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"म्हणजे तुमच्याकडे घर आहे आणि माझ्याकडे वीज," तो म्हणाला.

घरी जाताना तिने त्याचा नंबर 'कवळीवाला' या नावाने सेव्ह केला. त्याने तिचा 'चष्मा' म्हणून केला होता, हे तिला पुढे कळलं.

त्यानंतर रविवारी दुकानात भेटायचं ठरूनच गेलं. मावशींनी दोघांना वळण लावलं. वेगळ्या कार्डाच्या मागे आत्ता धावू नका. ज्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे तो घ्या, कार्ड पुढे सवडीने घालता येईल. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड त्या प्रोसेसरला बसणाराच हवा. आणि रॅमची पट्टी एक मोठी घेऊ नका, दोन लहान घ्या.

"का?" त्याने विचारलं.

"जोडीने चांगलं चालतं," मावशी म्हणाल्या आणि दोघांकडे न बघता बिल करायला लागल्या. तिने उगाचच पर्सची चेन उघडली, बंद केली.

अडलं ते मॉनिटरपाशी. तिला लहानात लहान हवा होता. त्याला पटेना. तेवढ्याच पैशांत मोठा मिळत होता, जुना असला तरी स्वच्छ होता. गेम खेळायला एवढासा पडदा कशाला? त्याने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावू लागला, तेव्हा तिचा चेहरा बघून थांबला.

"कुणासाठी घेताय?" त्याने हळूच विचारलं.

मग तिने सांगितलं. तिचे बाबा बस चालवायचे, लांब पल्ल्याची. एकदा डावीकडून आलेला सायकलवाला थोडक्यात वाचला. बाबा घरी येऊन म्हणाले, कुठून उगवला कळलंच नाही. तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या चष्म्याच्या दुकानात नेऊन मशीनपुढे बसवलं. समोर बघत राहायचं आणि कडेला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं, एवढीच तपासणी. दिवे चमकत होते. बाबा बटणावर अंगठा ठेवून शांत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "अजून सुरू केलं नाहीस का?"

"काचबिंदू," ती म्हणाली. "समोरचं नीट दिसतं, कडेचं गेलंय. परत येणार नाही. गाडी बंद करा, हे मीच सांगितलं त्यांना. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. भाजी आण, दार लाव... तेवढंच."

बस चालवण्याचा एक गेम असतो. पडदा लहान असला आणि जरा लांब ठेवला, तर तो सगळाच्या सगळा बाबांच्या नजरेत मावला असता. कडेचं काही सुटलं नसतं. हे तिने मनाशी मोजूनमापून ठरवलं होतं, पण कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्याने तो मोठा मॉनिटर उचलून मागच्या फळीवर ठेवून दिला आणि मावशींना म्हणाला, "लहानच दाखवा."

त्या दिवशी निरोप घेताना ती वळून पाहणार नव्हती. पाहिलं. तो तिथेच उभा होता.

स्टिअरिंगही लागणार होतं. नवं परवडत नव्हतं, आणि मावशींकडच्या जुन्याचं ब्रेकचं पेडल तुटलेलं. ते पेडल तो घेऊन गेला. पुढच्या रविवारी सगळं सामान घेऊन तो तिच्या घरी आला, तेव्हा पेडल नवं होतं आणि लख्ख गुलाबी होतं.

आईने स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून दिलं. बाबांना मात्र तिने आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं, आणि मला खेळणी नकोत, एवढं बोलून ते कूस बदलून झोपले होते. आताही ते आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते.

प्रोसेसर बसवताना तिने श्वास रोखून धरला. दोन्ही रॅम 'टक्' करून बसल्या. कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी मुंगीएवढ्या पिनांवर लावायच्या होत्या. त्याने खिशातून कवळीच्या कामाचा चिमटा काढला.

"जरा टॉर्च धर... नाही, इकडे. तू हलतेस."

तो एकदम थांबला. आजवर 'तुम्ही' चाललं होतं.

"नाही हलत," ती म्हणाली. "लाव तू."

बटण दाबलं. काहीच झालं नाही. ना दिवा, ना पंखा. आतला रेडिओ आता फार मोठ्याने वाजतोय असं तिला वाटलं. त्याने सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या; प्रोसेसरला वेगळी वीज देणारी एक केबल कोपऱ्यात लोंबकळत राहिली होती. ती लावली, आणि पंखा फिरला.

बाबा बाहेर आले ते पाणी प्यायला. टेबलाखाली त्यांची नजर अडली.

"हे गुलाबी काय आहे?"

"ब्रेक आहे, काका," तो म्हणाला. "कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतो, त्याच मालाचा. आयुष्यभर चावलं तरी झिजत नाही. पायालाही टिकेल."

बाबांनी खुर्चीच्या पाठीला धरून नुसता एक पाय पुढे केला आणि ब्रेक दाबून पाहिला. दोनदा दाबला.

"घट्ट आहे," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले.

पडद्यावर रस्ता आला. बाबांनी स्टिअरिंग हातात घेतलं, कुणी काही सांगायच्या आत आरसे बघितले आणि गाडी सोडली. पहिलं वळण, चौक, एक पूल. आई दारात येऊन उभी राहिली. लेकीला बाबांना काही विचारायचा धीर होईना. पुलापलीकडे बाबांनी थांब्यावर बस अलगद लावली, दार उघडलं, आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले,

"पोरी, सगळं दिसतंय गं."

तिला पुढचं काही दिसेना. ती बाबांच्या खुर्चीच्या कडेला उभी होती, तो तिच्या शेजारी. तिने नकळत त्याचा हात धरला, त्याने तो सोडला नाही, आणि खूप हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"मला कडेचं दिसत नाही," बाबा गिअर बदलत म्हणाले, "पण ऐकू नीट येतं."

आई हसत आत निघून गेली. तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी जेवायला थांब, असं त्याला बाबांनीच सांगितलं.

त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र तसाच राहिला होता. पॉवर सप्लाय कधीचा खोक्यात पडून होता. तिने एकदा स्पष्टच विचारलं की तुझं घोडं कुठे अडलंय. त्याने आधी प्रोसेसर पसंत पडत नाही म्हणून सांगितलं, मग मदरबोर्डवर ढकललं, आणि शेवटी कबूल केलं, "तो जोडून झाला असता, तर रविवारी तुला भेटायला काय कारण सांगितलं असतं?"

"कारण मागितलं कुणी?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पहिल्यांदाच त्याच्या खोलीवर गेली. भाड्याची खोली, एक पलंग, एक खिडकी, आणि दाराआड टांगलेले दोन पांढरे कोट. टेबलाला जागाच नव्हती. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये तो गुडघ्यांवर बसून टेपने माप घेत होता. टेबल आडवं घातलं तर दार उघडत नव्हतं, उभं घातलं तर खुर्ची मावत नव्हती.

ती पलंगाच्या कडेवर बसून बराच वेळ बघत राहिली.

"या खोलीचं माप घेऊ नकोस," ती म्हणाली.

"मग कुठलं घेऊ?"

"दोघं मावतील अशी बघू ना एखादी. तिथलं घे."

त्याच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन आत गेली. तो तसाच गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिला, इतका वेळ, की शेवटी तिनेच हात पुढे करून त्याला उठवलं.