कोरं कार्ड

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

भुताच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्यात. त्यातली भुतं रात्री येतात. आमच्याकडे जे घडलं ते भर दुपारी घडलं. गेल्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी, खालापूरजवळ कुंभिवलीच्या एका कारखान्यात.

अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर कर्जतच्या घरात स्वस्थ बसतील असं वाटलं होतं. पण त्या कारखान्याने त्यांना बोलावून घेतलं. पत्र्याच्या अवाढव्य शेड, आत कुठल्याच कंपनीची रेंज नाही. अण्णांनी तिथे कारखान्याचं खासगी मोबाइल नेटवर्क उभं केलं. स्वतःचे छोटे टॉवर, स्वतःचा सर्व्हर, स्वतःची सिमकार्डं. कुंपणाबाहेर ती कार्डं निरुपयोगी.

कोरी पांढरी कार्डं यायची. प्रत्येकात एक नंबर आणि एक गुप्त किल्ली भरायची. तीच किल्ली सर्व्हरमध्येही ठेवायची. दोन्हीकडची जुळली, तरच फोनला रेंज. पहिलं कार्ड अण्णांनी स्वतःसाठी केलं. नंबर १०१.

दुसरं केलं सुप्रियासाठी.

सुप्रिया चौक गावाजवळच्या खेड्यातली. डिप्लोमा करून अण्णांच्या हाताखाली लागली. मग जेवताना रोज तिचंच नाव. "त्या पोरीला एकदा सांगितलं की पुरतं." अण्णा असं माझ्याविषयी कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही.

गणपतीनंतर अण्णा गेले. त्यांचा फोन मीच बंद केला. १०१चं कार्ड काढून त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं.

दिवाळी झाल्यावर सुप्रिया घरी आली. चहाला हात लावला नाही.

"ताई, रागावू नका. अण्णांचा फोन येतो मला."

"काय बोलतात?"

"काय नाय. खाकरतात. मग डबी मिटल्यासारखी टक् वाजते. चष्म्याची, तशी. जेवणाच्या सुट्टीत येतो, शेडमध्ये कोण नसतं तेव्हा. मी विचारते, अण्णा, काय हवंय? तर गप."

मला भीती वाटायला हवी होती.

मला वाटलं... तिलाच का?

त्या मंगळवारी मी कारखान्यात गेले. पर्समध्ये ती डबी, डबीत ते कार्ड. सुप्रियाच्या टेबलावर अण्णांचा कप अजून होता, धुऊन पालथा घातलेला.

"दोन चमचे साखर लागायची त्यांना," ती म्हणाली. "कमी पडली की दिवसभर फुगून बसायचे. आमी हसायचो."

घरी मी त्यांची साखर बंद केली होती. कुरकुर न करता प्यायचे. मला वाटायचं, माझं ऐकतात.

"मला एक कार्ड करून दे," मी म्हटलं.

तिने कारण विचारलं नाही. कोरं कार्ड रीडरमध्ये सारलं, काहीतरी टाइप केलं, कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं. रेंजच्या दोन कांड्या उमटल्या.

जेवणाचा भोंगा झाला. माणसं गेली. मशिनं थांबली. वरचे पत्रे उन्हाने तडतडत होते, तेवढाच आवाज.

मग तोही थांबला...

फोन वाजला.

तिचा.

स्क्रीनवर १०१.

"घ्या ताई, तुमी बोला." तिने फोन पुढे केला.

मी घेतला नाही. स्वतःच्या वडिलांशी बोलायला तिच्याकडून फोन मागून घ्यायचा? रिंग वाजून वाजून थांबली.

"तुझा नंबर माझ्या कार्डावर घाल," मी म्हटलं. "किल्लीसकट."

"एका नंबरची दोन कार्डं चालत नाय, ताई. नवीन लागलं की जुनं बाहेर फेकलं जातं."

"मला तेच हवंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. समजली असावी.

"बघा हां. नेटवर्क माणूस ओळखत नाय, किल्ली ओळखतं. अण्णाच सांगायचे." तिने माझं कार्ड काढून पुन्हा लिहिलं, परत माझ्या फोनमध्ये घातलं. मग आपल्या फोनमधलं कार्ड काढून फोनशेजारी ठेवलं. "नायतर दोघींची ओढाओढ व्हायची."

ती हसली. मी नाही हसले.

आम्ही वाट पाहत बसलो. मध्ये टेबल, टेबलावर पालथा कप.

माझा फोन वाजला... १०१.

मी कानाला लावला. आधी नुसती शांतता. मग कुणीतरी खाकरलं. कर्जतच्या घरात रोज सकाळी न्हाणीघरातून ऐकू यायचं, तसंच.

मग... टक्.

मी पर्स उघडली. डबी आत होती. मिटलेली. आत कार्ड.

"अण्णा, मी."

पलीकडचा श्वास थांबला.

"अण्णा, मी अबोली."

फोन कट झाला.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. पुन्हा लागेल, पुन्हा लागेल. आणि तेव्हा...

टेबलावरचा फोन थरथरला.

सुप्रियाचा. ज्यात कार्डच नव्हतं. कार्ड शेजारी पडलं होतं, आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर.

तिने तो उचलून कानाला लावला. शेड इतकी शांत होती, की मला सगळं ऐकू आलं. आता खाकरणं नव्हतं. आवाज होता. स्वच्छ.

"बाळ, मघाशी तुझ्या फोनवर कोण होतं?"

बाळ. घरी ही हाक माझी होती.

सुप्रियाने माझ्याकडे पाहिलं.

"कोण नाय, अण्णा," ती म्हणाली.

पलीकडे टक् वाजलं.

भोंगा झाला, माणसं परत आली. तिने मला फाटकापर्यंत सोडलं, रिक्षा थांबवून दिली. ते उत्तर तिने माझी दया येऊन दिलं, की अण्णांना स्वतःकडे ठेवायला, हे मी अजून विचारलेलं नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटलं असतं. कशासाठी, हे मला पक्कं माहीत आहे.

ते कार्ड अजून माझ्या जुन्या फोनमध्ये आहे. फोन मी चार्ज करून ठेवते. कर्जतला त्या नेटवर्कची रेंज यायचं कारणच नाही.

परवा दुपारी कपडे घडी करत होते. सहज नजर गेली...

दोन कांड्या.

चष्म्याची डबी कपाटात होती. आधी ती पाहून आले. मग खुर्चीत बसून १०१ लावला.

एंगेज.

थोडं थांबून पुन्हा लावला. पुन्हा एंगेज.

घड्याळात पाहिलं. कुंभिवलीला जेवणाची सुट्टी चालू होती.