डाव्या बाजूची टिचबटणं

गिऱ्हाईक दोन वाजता येणार होतं. मेवीस बेडोजने एक वाजताच किटली भरून ठेवली, आल्याचा केक कापला आणि गॅरेजची किल्ली टेबलावर काढून ठेवली. बाहेर तीन दिवस धुकं हललं नव्हतं. खिडकीतून रोज दिसणारी टेकडी जणू कोणी पुसून टाकली होती.

मार्चमध्ये क्लिफ गेला तेव्हापासून तिच्या बहिणीचा एकच धोशा होता, आधी ती गाडी काढून टाक. तसं सांगायची गरज नव्हती. एकेचाळीस वर्षं मेवीसला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती.

गाडी म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ सालची एमजी. गर्द हिरवी, बुटकी, दोन माणसांपुरती, डोक्यावर छप्पर नाही. लग्नाच्या तीन वर्षं आधी क्लिफने ती घेतली होती. पबमध्ये सगळे तिला क्लिफची थोरली म्हणायचे आणि मेवीसला धाकटी. मेवीस त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

अशा गाड्यांवर पाऊसवाऱ्यासाठी जाड काळं कापड ताणलेलं असतं. मधोमध चेन, कडेनं टिचबटणं. एकटाच चालवणारा असला की तो फक्त आपल्या बाजूचं, म्हणजे उजवं कापड उघडतो आणि डावं तसंच राहू देतो. क्लिफचं डावं कापड कायमचं लावलेलं असायचं, मेवीस शेजारी उभी असली तरी. दर रविवारी तो एकटाच टेकडीवर जाऊन यायचा आणि चर्चला मात्र तिला खडखडणाऱ्या व्हॅनमधून न्यायचा. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तिने लाडात येऊन एक बटण उघडलं, तेव्हा त्याने तिचं मनगट असं धरलं की चार दिवस वळ राहिले. कधी आवाज न चढवणारा माणूस, पांढराफटक पडला होता.

"गारठा शिरतो, मेव," एवढंच तो म्हणाला.

आणि ब्याऐंशीच्या जानेवारीतली ती पहाट. तिला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, कडाक्याच्या थंडीत व्हॅन चालू होईना, आणि ती एमजी गॅरेजात तेल-पाणी करून तयार उभी. क्लिफ तिच्याकडे बघत दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग अर्धा मैल पळत जाऊन शेतावरची लँडरोव्हर घेऊन आला. बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. मेवीसने त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. त्या गाडीवरचा राग तिने पोराला वाढवावं तसा वाढवला.

आज ती जाणार होती. मग या घरात आपण एकट्या, अगदी एकट्या, आपल्या मर्जीच्या. मेवीसला दुसरं काहीच नको होतं.

डंकन हॅरप हेरफर्डचा दातांचा डॉक्टर निघाला. चाळिशीचा, गुबगुबीत, तोंडाने अखंड चालू. बायको त्याला फाटकाशी सोडून निघूनही गेली.

"थांबली असती तर मला परत गाडीत कोंबून घरी नेलं असतं तिने," तो बूट पुसत म्हणाला. "तिच्या मते मला वेड लागलंय, मिसेस बेडोज."

"बायकांना बरोबर कळतं," मेवीस म्हणाली.

स्वयंपाकघरातून एक दार थेट गॅरेजात उघडत होतं. गॅरेजात तर बाहेरच्यापेक्षा गार होतं. डंकनने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून जागोजागी फिरवलं, कुठे पुट्टी भरून गंज लपवलाय का ते बघायला. सगळीकडे ते चिकटलं. मग त्याने पालथं पडून खाली टॉर्च मारला आणि लग्नात आलेल्या माणसासारखा खुशीत वर आला.

"काय जपलीय हो! फाईल आहे का?"

फाईल होती. पावत्या, दाखले, पत्रं, क्लिफची पेन्सिलीतली टिपणं. मेवीसने ती कधी उघडली नव्हती. सवतीची पत्रं कोण वाचत बसणार?

"चला मग, एक फेरी मारू. तुम्ही शेजारी बसा. या गल्ल्यांत मी एकटा गेलो तर नाताळलाच परत येईन."

मेवीसचे हात खिशातच राहिले. एकेचाळीस वर्षं. मग एकदम तिच्या अंगात काहीतरी ताठ झालं. आता कोण धरणार आहे मनगट?

"बसते," ती म्हणाली. "का नाही बसणार?"

तिने पहिलं टिचबटण अंगठ्याच्या नखाने उचकटलं. टिच. दुसरं. टिच. बटणं गंजली असतील असं तिला वाटलं होतं, पण ती रोजच्या वापरातल्यासारखी अलगद सुटत होती. सातवं सुटलं आणि ताणलेलं कापड एकदम सैल पडलं, आतून कोणीतरी धरून ठेवलेलं सोडून द्यावं तसं. ओल्या लोकरीचा वास आला. तिच्या गालाजवळून गार हवा गेली.

"अरेच्चा," डंकन वाकला. "गंमतच आहे. तुमचे मिस्टर एकटेच फिरायचे म्हणालात ना?"

"कायम."

"मग ही सीट बघा की."

उजव्या सीटचं कातडं जरा सुरकुतलं होतं. डावीकडचं खोल दबलेलं होतं, मधोमध घासून पातळ झालेलं. खालच्या पायपुसण्यावर टाचांच्या दोन खळग्या होत्या, शेजारी शेजारी, लहानशा. डंकनने सीटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"ही… गरम आहे."

"काय?"

"कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी." तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "खालून धुराचा पाइप जातो ना. त्याची ऊब असेल."

इंजिन अजून चालू केलेलं नव्हतं. मेवीसने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, खिटी बसल्याचा आवाज ऐकला आणि ती डाव्या सीटवर बसली. ऊब तिच्या मांड्यांना लागली, माणसाच्या अंगाची असते तशी.

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. धुक्यातून गल्ल्या अंगावर येत होत्या, कुंपणं दोन्हीकडून खांद्यांना लागतील अशी. डंकन गाणं गुणगुणायला लागला. टेकडीच्या पायथ्याशी येईपर्यंत मेवीसच्या लक्षात आलं, की सीट निवतेय. परतीच्या वाटेवर ती बर्फासारखी झाली होती. इंजिन तापलं होतं, पायांना धग लागत होती आणि फक्त बूड गार पडत चाललं होतं. तिला रडूच आलं. यासाठीच का एवढी वर्षं जळलो आपण? एका गार, फाटक्या सीटसाठी?

गॅरेजात परत आल्यावर डंकनने इंजिन बंद केलं.

"तुमच्याकडे कोणी आलंय वाटतं."

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं.

"जुनी खिटी आहे," मेवीस म्हणाली. मघाशी ऐकलेला आवाज तिला आठवत होता. "वाऱ्याने निघते."

पण धुकं तर तसूभर हललेलं नव्हतं.

उजेड जायच्या आत निघायचं म्हणून डंकनने चहा नको म्हटलं. बॉनेटवरच कागदांवर सह्या झाल्या, फोनवरून पैसे बँकेत पोचले, केकचा तुकडा कागदात बांधून दिला. निघताना त्याने डाव्या बाजूची सातही बटणं नीट लावली. कापड सपाट बसलं, पाटावर चादर घातल्यासारखं. साडेतीनला गाडीचे तांबडे दिवे धुक्यात बुडाले आणि मेवीसने गॅरेज बंद केलं. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं वाटलं नाही.

स्वयंपाकघरात ओल्या लोकरीचा वास होता. तिने आपला स्वेटर हुंगला. तो कोरडा होता. तिने चहा केला, सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. मग टेबलावर पडलेले चुरे पुसता पुसता तिचा हात समोरच्या खुर्चीला लागला. क्लिफची खुर्ची. मार्चपासून त्यात कोणी बसलं नव्हतं. मांजरही गेल्या वर्षी गेलं होतं.

उशी गरम होती.

ती मागे सरली आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. बाहेर अंधारलं. चहावर साय धरली. पाचच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा ती केवढ्यानं तरी दचकली.

"पोचलो!" डंकनचा आवाज. "लोण्यासारखी चालली. बायकोला बसवून लगेच एक फेरीपण मारली. ती म्हणते, सीट फार गार आहे." तो हसला. "मी आता फाईल वाचतोय. एक विचारू? शेवटचं पान म्हणजे गाडीच्या आधीच्या मालकाचं पत्र आहे, एकाहत्तर सालचं. तुमच्या मिस्टरांना लिहिलेलं. वाचलंत तुम्ही?"

"नाही."

"काहीतरी विचित्रच आहे. 'स्वस्तात का देतोय ते सांगितलंच आहे. डावी बाजू घरी कधी उघडू नये. रविवारी टेकडीवर न्यावं, तिथे उघडावं, परत बसू द्यावं आणि सातही बटणं लावूनच घरी आणावं. एवढं पाळलं तर काही त्रास नाही. मी एकदा विसरलो. त्यानंतर माझी बायको…' पुढचं ओळभर खोडलंय."

मेवीसने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आणि खाली पेन्सिलीत तुमच्या मिस्टरांचं अक्षर आहे. तीनच शब्द, दोनदा अधोरेखित. 'मेवला कधीच नाही.'" तो थांबला. "मेव म्हणजे… तुम्हीच ना?"

"हो," ती म्हणाली. "मीच."

"सगळं ठीक आहे ना, मिसेस बेडोज? मला उगाच…"

"ठीक आहे. ठेवते."

ती दोन मिनिटं. त्या पहाटे तो नुसता उभा होता ती दोन मिनिटं. आता तिला त्याचा चेहरा दिसला, नीट, पहिल्यांदाच. गाडीकडे नव्हता बघत तो. डाव्या कापडाकडे बघत होता आणि मग तिच्याकडे. किती चुकले रे क्लिफ, किती छळलं मी तुला! चाळीस वर्षांचा राग पोटातून सुटला आणि तिथे काहीच उरलं नाही. आता क्लिफही नव्हता आणि गाडीही नव्हती.

समोर खुर्ची तशीच होती. फक्त उशीचा मधला भाग दबला होता, जरासा.

दारामागे क्लिफचं मेणकापडाचं जाकीट अजून टांगलेलं होतं. तिने ते काढलं. डोळे खुर्चीवरून न हलवता पुढे गेली आणि ते खुर्चीवर पांघरलं, पाठीमागून गुंडाळून घेतलं. जाकिटालाही टिचबटणंच होती. तिने ती एकेक करून लावली. एकही सोडलं नाही. सात भरली.

मग ती आपल्या जागेवर येऊन बसली, हात मांडीवर ठेवून. दिवा जळत होता. तिने मनाशी ठरवलं, उद्या रविवार, उद्या सकाळीच बहिणीला फोन करायचा, डंकनकडून गाडी परत मागायची, काय वाटेल ते करायचं. एक रात्र. फक्त एक रात्र काढायची.

जाकीट सपाट नव्हतं. ते हळूहळू भरत होतं.

टिच.

सगळ्यात वरचं बटण होतं ते. आतून उघडलं होतं.